पगाराची अ‍ॅडव्हान्स घेऊन घराचं डिपॉझिट: किती घ्यायची आणि आधी काय तपासायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा उपयोग होईल. तुमचे मिस्टर ब्रिटिश आर्मीत कॉर्पोरल आहेत, सहा वर्षं सर्व्हिस झाली, वर्षाचा पगार ३८,००० पौंड. तुम्ही शाळेत अर्धवेळ काम करता, तुमचे १४,०००. इंग्लंडमध्ये टिडवर्थला आर्मीच्या क्वार्टरमध्ये राहता. तिथून जवळच २,४०,००० पौंडांचं घर बघितलंय, हाताशी १६,००० शिल्लक आहेत. फोर्सेस हेल्प टू बाय या फौजींना घरासाठी पगाराची आगाऊ रक्कम देणाऱ्या योजनेतून १९,००० मिळू शकतात, आणि युनिटमधली मंडळी म्हणतायत, "बिनव्याजी आहे, पूर्ण घ्या." मिस्टर तीनचार वर्षांत आर्मी सोडायचा विचार करतायत. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंत की कराडजवळच्या गावच्या घराला त्यांचंही नाव लागलंय, "त्याचा इथे काही संबंध नसावा."

आधी सरळ उत्तर देतो. अ‍ॅडव्हान्स घ्या, पण १९,००० नको, ११,००० च्या आसपास घ्या. आणि गावच्या घराचा इथे चांगलाच संबंध आहे. अर्ज करायच्या आधी तेच बघा.

योजना काय आहे ते पटकन सांगतो. ती २०१४ च्या एप्रिलमध्ये ठरावीक मुदतीसाठी म्हणून सुरू झाली, मुदतवाढी मिळत गेल्या आणि आता ती कायमची झाली आहे. वर्षाच्या पगाराच्या निम्म्यापर्यंत, जास्तीत जास्त २५,००० पौंड, बिनव्याजी, दहा वर्षांत पगारातून कापून परतफेड. अर्ज जेपीएवर, म्हणजे फौजेच्या पगार-नोंदींच्या ऑनलाइन प्रणालीवर करायचा. रेग्युलर सर्व्हिस हवी, ठरावीक सेवा पूर्ण झालेली हवी, अर्ज करताना पुढे सहा महिन्यांहून जास्त सेवा शिल्लक हवी, मेडिकल कॅटेगरीही बघतात. पैसा डिपॉझिटला (घराच्या किमतीतला स्वतः भरायचा वाटा) चालतो, तसाच सॉलिसिटरच्या (खरेदीचे कागद करणाऱ्या वकिलाच्या) फीसारख्या खरेदीच्या खर्चालाही. स्वतः राहायच्या घरासाठी आहे, भाड्याने लावायला घर घ्यायचं तर विसरा. एखादे जुने सार्जंट तुम्हाला ८,५०० पौंडांच्या 'लाँग सर्व्हिस अ‍ॅडव्हान्स'बद्दल सांगतील. ती या योजनेच्या आधीची गोष्ट, तिचे नियम इथे लावू नका.

आता आकडा ११,००० च का.

इथल्या बँका मॉर्गेजचा, म्हणजे घरकर्जाचा, दर ठरवताना घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज आहे ते बघतात. दर टप्प्याटप्प्याने उतरतो: ९५ टक्के, ९०, ८५, असं खाली. दोन टप्प्यांच्या मध्ये कुठेतरी उभं राहिलात तर दर वरच्याच टप्प्याचा लागतो. म्हणजे अ‍ॅडव्हान्सचा खरा उपयोग तुम्हाला पुढच्या टप्प्यावर नेण्यात आहे. तिथवर पोचवेल एवढी घेतली की तिचं मुख्य काम झालं.

तुमच्या घराला ५ टक्के म्हणजे १२,००० आणि १० टक्के म्हणजे २४,०००. सॉलिसिटर, सर्व्हे, सामान हलवणं याला ३,००० धरू. अ‍ॅडव्हान्स न घेता १६,००० मध्ये ५ टक्क्यांचं डिपॉझिट भरून हजारभर उरतात. समजा या टप्प्यावर ५.२ टक्के दर मिळाला. २,२८,००० चं कर्ज तीस वर्षांसाठी, हप्ता साधारण १,२५२ पौंड. आता ११,००० अ‍ॅडव्हान्स घेतली. १० टक्के डिपॉझिट भरलं, खर्चही निघाला, कर्ज राहिलं २,१६,०००. इथे समजा ४.८ टक्के मिळाला, तर हप्ता १,१३३. महिन्याला ११९ पौंड कमी. अ‍ॅडव्हान्सची कपात ११,००० भागिले १२०, म्हणजे ९२ च्या आत. कपात भरूनही महिन्याला २७ पौंड हातात राहतात आणि घरातला तुमचा वाटा दुप्पट होतो. दर मी उदाहरणापुरते धरलेत, तुम्हाला बँक काय देईल ते घालून हेच गणित पुन्हा करा.

पूर्ण १९,००० घेतली तर? जास्तीच्या ८,००० ने ८५ टक्क्यांचा टप्पा गाठता येत नाही, त्याला आणखी १२,००० लागतात. दर तोच राहतो. कर्ज ८,००० ने कमी होतं म्हणून हप्ता ४२ पौंडांनी उतरतो, पण कपात ६७ ने वाढते.

इथे युनिटमधल्या मंडळींच्या बाजूनेही एक बोलायला हवं. निव्वळ व्याजाच्या हिशेबाने त्यांचं चूक नाही. शून्य टक्क्याने घेतलेले ८,००० पौंड ४.८ टक्क्यांच्या कर्जात घातले तर पहिल्याच वर्षी पावणेचारशेच्या वर व्याज वाचतं. पुढची पंधरा वर्षं आर्मीतच काढणाऱ्या माणसाला मी कदाचित पूर्णच घ्या म्हटलं असतं. तुमचं तसं नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण बँक. अ‍ॅडव्हान्स बिनव्याजी असली तरी बँकेच्या लेखी ते कर्जच आहे. मॉर्गेजच्या अर्जात ती दाखवावीच लागते आणि तिची मासिक कपात कारच्या हप्त्याच्या रांगेत बसते. तुमच्या दोघांच्या ५२,००० वर, वर्षाच्या पगाराच्या साडेचार पट कर्ज धरलं तर, २,३४,००० पर्यंत मजल जाते, म्हणजे कागदावर १८,००० ची मोकळी जागा दिसते. पण तेवढ्यावर काही होत नाही. बँक आजच्या दराने हिशेब करत नाही, दर वाढले तर झेपेल का ते चढ्या दराने तपासते. ७ टक्के आणि तीस वर्षं धरली तर महिन्याच्या प्रत्येक १०० पौंडांच्या कपातीमागे मिळणारं कर्ज ढोबळमानाने १५,००० ने घटतं. ९२ च्या कपातीने तुमची मजल २,२०,००० च्या आसपास राहते, २,१६,००० बसतात. १५८ च्या कपातीने ती २,१०,००० च्या आसपास येते. ज्या बँकेचं गणित असं कडक आहे, तिथे मोठी अ‍ॅडव्हान्स घेऊन जवळपास काठावर येता, आणि त्यात कारचा हप्ता असला तर घर हातचं जाऊ शकतं. प्रत्येक बँकेचं सूत्र वेगळं असतं, काही बँका अशा लहान कपातीकडे फारसं बघतही नाहीत. म्हणून आर्मीच्या पेस्लिपा नेहमी हाताळणारा सल्लागार गाठा.

पेस्लिपचं मुद्दाम सांगतो, कारण त्यात लोक हमखास अडकतात. मिस्टरांच्या तीन महिन्यांच्या पेस्लिपा टेबलावर पसरा आणि बँकेच्या नजरेने वाचा. मूळ पगार, त्यात एक्स-फॅक्टर (फौजी आयुष्याच्या गैरसोयींचा मोबदला) आधीच मिसळलेला असतो, तो धरला जातो. खाली एखाद्या महिन्यात एक्सरसाइजवर, म्हणजे लष्करी सरावावर, असल्याचा सेपरेशन अलाउन्स (घरापासून दूर राहिल्याचा भत्ता) दिसेल. पुढच्या महिन्यात तो नसेल. बँक तो बहुतेक वेळा धरत नाही, आणि तुम्ही मात्र घरखर्च त्याच्यासकट मांडलेला असतो. मग क्वार्टरचं भाडं आणि कौन्सिल टॅक्सच्या बदल्यात कापला जाणारा सिलॉक्ट. स्वतःच्या घरात गेलात की या दोन ओळी जातात, पण तोवर त्या खर्चात मोजल्या जाऊ नयेत म्हणून सल्लागाराला स्पष्ट सांगा की क्वार्टर सोडणार आहात. हे न सांगितल्यामुळे दोन्हीकडचा खर्च धरून अर्ज अडकल्याची प्रकरणं माझ्याकडे येत असतात. आता पेस्लिपकडे बघताय तर हेही: भाड्याची पावती, कौन्सिल टॅक्सचं बिल, विजेचं जुनं खातं असा नागरी कागदांचा माग फौजी कुटुंबांचा बारीक असतो. दर दोनतीन वर्षांनी पत्ता बदलतो. दोघांची बँक, फोन, कार्ड सगळी एकाच चालू पत्त्यावर आणा आणि क्रेडिट रिपोर्ट काढून बघा. हे काम फुकट आहे आणि आजच करता येतं.

दुसरं कारण आर्मी सोडण्याचं. सोडताना अ‍ॅडव्हान्सची उरलेली रक्कम फेडून टाकावी लागते. चार वर्षांनी बाहेर पडलात तर ११,००० पैकी ६,६०० उरतील, १९,००० पैकी ११,४००. मिस्टरांना वाटत असेल की सोडताना एकरकमी काहीतरी मिळेल आणि त्यातून भागेल. २०१५ च्या पेन्शन योजनेत लवकर सोडणाऱ्याला मिळणारं अर्ली डिपार्चर पेमेंट २० वर्षं सेवा आणि ४० वय झाल्याशिवाय नाही. दहा वर्षांच्या सेवेवर त्या भरवशावर राहू नका. नोटीस वर्षभराची असते, तेव्हा कल्पना आधी येईल हे खरं. पण त्याच वर्षी नवी नोकरी शोधणं, मॉर्गेजचा ठरावीक दर संपत येणं आणि साडेअकरा हजारांची परतफेड हे सगळं एकदम अंगावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

टॅक्सची एक बारीक गोष्ट इथेच आटपतो. नोकरी देणाऱ्या मालकाने दिलेलं बिनव्याजी कर्ज १०,००० पौंडांच्या वर गेलं की वाचलेलं व्याज हे उत्पन्न धरलं जातं, असा इथला सर्वसाधारण नियम आहे. २०२५-२६ साठी त्याचा सरकारी दर ३.७५ टक्के. १९,००० वर २० टक्के टॅक्सने पहिल्या वर्षी १४० पौंडांच्या आसपास, ११,००० वर ऐंशीच्या आसपास, आणि ११,००० वर अकरा कपाती झाल्या की शिल्लक दहा हजारांच्या खाली येते. मोठी रक्कम नाही, पण टॅक्स कोड बदलल्याचं पत्र आलं तर दचकू नका.

आता गावच्या घराकडे येऊ. यात खरे पैसे आहेत.

इंग्लंडमध्ये घर घेताना स्टँप ड्युटी लागते. २०२५ च्या एप्रिलपासून पहिलं घर घेणाऱ्याला ३,००,००० पर्यंत ती शून्य. म्हणजे तुम्ही दोघं पहिल्यांदाच घर घेत असाल तर काहीच भरायचं नाही. पण 'पहिलं घर' म्हणजे इंग्लंडमधलं पहिलं नव्हे. जगात कुठेही, कधीही राहत्या घरात मालकी हिस्सा असेल, अगदी वारसाने आलेला असला तरी, सवलत गेली. आणि दोघांपैकी एकाची गेली की सामाईक खरेदीत दोघांची जाते. मग १,२५,००० च्या वरच्या रकमेवर २ टक्के, तुमच्या घराला २,३०० पौंड.

एवढ्यावर थांबलं तरी ठीक. पण खरेदीच्या दिवशी दुसरं घर नावावर असेल आणि त्यातल्या हिश्शाची किंमत ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त असेल तर संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के लागतात. म्हणजे १२,००० अधिक २,३००, एकूण १४,३००. तुमच्या सगळ्या शिलकीत सतराशे उरतील. ते दुसरं घर भारतात असलं तरी मोजतात, आणि नवराबायको एकत्र राहत असतील तर घर एकट्या तुमच्या नावावर घेऊन यातून सुटका होत नाही.

म्हणून आधी सासऱ्यांना फोन करा आणि नेमका कुठला कागद आहे ते विचारा. 'नाव लागलंय' म्हणजे कशावर? सातबाऱ्यावर असेल आणि त्या जमिनीवर राहतं घर नसेल तर ती नुसती शेतजमीन, तिचा इथे प्रश्न येत नाही. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर असेल तर घर आहे. मग बघा नाव कसं आलं. आजोबांच्या मागे वारसनोंदीने आलं, की सासऱ्यांनी बक्षीसपत्र करून दिलं, की घरपट्टीच्या सोयीसाठी नुसतं लावलंय? वारसाने येऊन तीन वर्षं झाली नसतील आणि हिस्सा निम्मा किंवा कमी असेल तर वरच्या ५ टक्क्यांसाठी तो धरत नाहीत. आणि हिश्शाची किंमत काढा. मिस्टर, त्यांचे भाऊ आणि वडील अशी तीन नावं असतील तर घराच्या किमतीचा तिसरा भाग. ४०,००० पौंड म्हणजे आजच्या भावाने ४५ लाखांच्या पुढे. गावातल्या घरातला तिसरा हिस्सा बहुतेक तिथवर जात नाही. कराड शहरात हायवेला लागून बंगला असेल तर गोष्ट वेगळी.

माझा अंदाज, तुमच्या बाबतीत २,३०० वर निभावेल. तसं झालं तर अ‍ॅडव्हान्स ११,००० ऐवजी १३,३०० घ्या. कपात १११ होईल, हप्त्यातल्या ११९ च्या बचतीत तरीही बसते.

कुणीतरी सुचवेलच, "हक्कसोड करून टाका." त्याने ५ टक्के वाचू शकतात, कारण ते खरेदीच्या दिवशीची मालकी बघतात. पण पहिल्या घराची सवलत परत येत नाही, कारण ती 'कधीही' मालकी होती का ते बघते. म्हणजे तुमच्यासारख्या प्रकरणात हक्कसोड करून हातात काही पडत नाही, आणि भावाभावांत नसता विषय निघतो. हे करू नका. आणि लपवायचा विचारही नको. सॉलिसिटर लेखी विचारतो, उत्तर सहीनिशी जातं. उताऱ्याचा फोटो आणि त्याचं इंग्रजी भाषांतर त्याला द्या, वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर तेही लिहून सांगा, आणि त्याचं मत लेखी घ्या.

लाइफटाइम आयसा या सरकारी बोनस मिळणाऱ्या बचत खात्याबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. तुमच्या स्वतःच्या नावावर कधीच घर नसेल आणि वय ४० च्या आत असेल तर खातं उघडा. वर्षाला ४,००० पर्यंत भरलं की सरकार २५ टक्के घालतं, म्हणजे १,००० पौंड. अट अशी की घरासाठी काढायच्या आधी खातं किमान १२ महिने जुनं हवं, आणि मधेच दुसऱ्या कामाला काढलं तर २५ टक्के दंड. मिस्टरांच्या गावच्या हिश्शामुळे तुमचा बोनस जात नाही, त्यांचा जातो. खरेदी वर्षभर लांबणार असेल तरच याचा उपयोग.

सासरे काही रक्कम पाठवणार असतील तर ती त्यांच्या बँक खात्यातून थेट तुमच्या खात्यात, बँकेच्या रीतसर मार्गाने येऊ द्या. ओळखीतल्या कुणीतरी इथे पौंड द्यायचे आणि तिथे रुपये घ्यायचे हा प्रकार घराच्या पैशात अजिबात चालणार नाही. सॉलिसिटरवर प्रत्येक रकमेचा उगम बघणं कायद्याने बंधनकारक आहे, उगम पटला नाही की व्यवहार तिथेच थांबतो. सोबत 'ही भेट आहे, परत मागणार नाही, घरात हिस्सा नाही' असं सासऱ्यांच्या सहीचं पत्र लागेल. एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर भारतात २० टक्के टीसीएस (पाठवतानाच वसूल होणारा आगाऊ कर) कापला जातो. तो रिटर्न भरून परत मिळतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो.

पासपोर्टचा मुद्दा. मिस्टर भारतीय पासपोर्टवर सेवेत असतील तर सेवेत असेपर्यंत त्यांना इमिग्रेशनच्या नियमांतून सूट असते, तुम्ही मात्र व्हिसावर. काही बँकांना हे प्रकरण कळतच नाही. त्या कायम वास्तव्याचा पुरावा मागतात किंवा डिपॉझिट जास्त मागतात. पहिल्याच फोनवर विचारून घ्या, नाही म्हणाले तर पुढची बँक बघा. एकामागून एक अर्ज टाकत सुटू नका, प्रत्येक अर्जाची खूण क्रेडिट रिपोर्टवर उमटते. सहा वर्षं पूर्ण झालेल्यांना सेवा संपताना कायम वास्तव्याच्या अर्जाची फी माफ आहे. ही तुमच्या जमेची बाजू.

बदली झाली तर? घर घेतल्यावर दुसरीकडे पोस्टिंग आलं की घर भाड्याने द्यावं लागेल. ते चालतं, पण मॉर्गेज देणाऱ्या बँकेची लेखी परवानगी आधी घ्या. फौजींसाठी बऱ्याच बँका यात नरमाईने वागतात. त्या काळात क्वार्टरचं भाडं आणि घराचा हप्ता दोन्ही चालू राहतात, आणि भाडेकरू मिळेपर्यंतचे दोनेक महिने स्वतः ओढावे लागतात. दोन हप्त्यांएवढे, म्हणजे सव्वादोन हजारांच्या आसपास पौंड त्यासाठी बाजूला पडतील असं बघा. घराच्या विम्यालाही कळवा, भाडेकरूसाठीची पॉलिसी वेगळी असते.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात गावचा उतारा. त्यावरून स्टँप ड्युटीचा आकडा. मग सल्लागाराकडून बँकेची तत्त्वतः मंजुरी, अ‍ॅडव्हान्सचा आकडा त्यात घालूनच. घराच्या ऑफरला होकार आला की जेपीएवर अर्ज, आणि त्याआधीच युनिटच्या अ‍ॅडमिनला एक शब्द घालून ठेवा, कारण मिस्टर एक्सरसाइजवर गेले तर अर्ज तिथेच पडून राहतो. एक्सचेंजला, म्हणजे खरेदीचा करार दोन्ही बाजूंवर बंधनकारक होतो तेव्हा, सहसा किमतीच्या १० टक्के जमा असावे लागतात. अ‍ॅडव्हान्स हातात येण्याआधी एक्सचेंजची तारीख मान्य करू नका, घर विकणाऱ्याने कितीही घाई केली तरी. आणि १३,३०० च्या वर आकडा टाकायचा मोह झालाच, तर आधी मला दोघांच्या पेस्लिपा आणि गाडीच्या हप्त्याचा कागद पाठवा.